करंजावरचा डबा

म्हसोबाचं कोंबडं चुलीवर रटरटत होतं आणि अजून कुणाचं कुणाशी वाजलं नव्हतं. साधनाला मनातून त्याचीच धास्ती वाटत होती. सगळं घर एका छपराखाली जमलंय, दुपार व्हायला आलीय आणि तरी शांतता आहे, असं ती या घरात नांदायला आल्यापासून कधी घडलं नव्हतं.

भाताला विळा लावायच्या आधी बांधावरच्या म्हसोबाला नैवेद्य द्यायचा आणि त्या दिवशी सगळ्यांनी रिह्याच्या या घरी जेवायचं, ही घराची जुनी रीत. त्यासाठी धाकटा दीर किशोर, त्याची बायको प्राजक्ता आणि कॉलेजात जाणारी त्यांची लेक सृष्टी सकाळीच शहराकडच्या जांब्याहून आले होते. पण यंदा नैवेद्याच्या आडून आणखी एक काम उरकायचं होतं. जेवणं झाली की रिह्याच्या घराला कुलूप लावायचं पक्कं करायचं. दिवाळीनंतर सगळ्यांनी जांब्याला, किशोरच्या नव्या इमारतीत राहायला जायचं. सासूबाईंचे, म्हणजे सारजाबाईंचे, गुडघे कामातून गेले होते. जांब्यात डॉक्टर हाकेच्या अंतरावर, इमारतीला लिफ्ट. आणि सारजाबाई थोरल्या सुनेशिवाय एक दिवस काढायच्या नाहीत, हे तर अख्ख्या खोऱ्याला माहीत. म्हणजे साधनाने जायचं. साधना गेल्यावर तिच्या नवऱ्याने, शेखरने, इथे एकट्याने भाकऱ्या थापत बसायचं का? म्हणजे त्यानेही जायचं. शेत वाट्याने द्यायचं. किशोरने हे असं एकाला एक जोडत नेलं होतं, आणि मधे बोट घालायला कुठे जागाच ठेवली नव्हती.

साधनाला कुणी विचारलं नाही, असंही नाही. पावसाळ्याच्या तोंडाला शेखरने विचारलं होतं, "तुझं काय म्हननं हाय?" आणि ती म्हणाली होती, "माझं काय असणार? सगळे म्हणतील तसं." झालं. एवढ्यावर तिचा होकार धरला गेला.

खरं काय ते तिने फक्त म्हसोबाला सांगितलं होतं. आणि हा म्हसोबा बहिरा.

शेखरचे पणजोबा नथूबाबा यांचं गाव मुळशीच्या धरणात गेलं. तेव्हा त्यांनी दुसरं काही उचललं नाही, हा शेंदराचा धोंडा डोक्यावर घेतला आणि रिह्यात आणून ओढ्याकाठच्या करंजाखाली बसवला. धरणाच्या कामाला सुरुंग उडवत होते, त्या धडाक्यांनी देवाचे कान बसले, असं नथूबाबांचं ठाम मत. त्यामुळे या घरात म्हसोबापुढे कुणी मनातल्या मनात बोलत नाही. पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारावी, इतक्या मोठ्याने बोलायचं. घरात जे काढता येत नाही ते तिथे काढायचं. आणि त्याला जोडून दुसरा नियम: कुणी करंजाकडे निघालेलं दिसलं की आपण तोंड फिरवायचं. वाट तिकडूनच असली तर लांबूनच खाकरायचं, म्हणजे बोलणारा आवरतं घेईल. काय बोललास, हे जन्मात विचारायचं नाही. चार पिढ्यांत हा नियम कुणी मोडला नव्हता. घर लहान, माणसं फार, भिंती पातळ. पण प्रत्येकाला आपलं म्हणून बोलायला एक करंज होता, आणि त्याच्यावर सगळ्यांचं भागत आलं होतं.

आता याच करंजाला शेखरने काय बांधू द्यावं? तर आवाज टिपणारा डबा.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी पुण्याहून अनिमेष नावाचा एक पोरगा आला होता. बेडकांचा अभ्यास करणारा. चष्मा, पाठीवर पिशवी, आणि बोलायला इतका गोड की त्याला चहा पाजल्याशिवाय सोडवेना. ओढ्याकाठी एखादं झाड मिळेल का, म्हणाला. शेखरने बिनदिक्कत करंज दाखवला. "ओलाव्याला हाय, बेडूक लई!" देवाचा आणि डब्याचा काही संबंध त्याच्या डोक्यातच आला नाही. बरं, बाकीच्यांना तो डबा दिसला नव्हता का? चांगला दिसला होता. हिरवा, जेवणाच्या डब्याएवढा, पट्ट्याने खोडाला आवळलेला. किशोरला वाटलं मधमाश्यांचं काहीतरी. प्राजक्ताला वाटलं वीज मंडळाचं. साधनाला तर माहीत होतं की तो बेडकांचा आहे. पण बेडकांचा आहे म्हटल्यावर आपल्याला त्याचं काय?

तर आजच्या दिवशी, कोंबडं रटरटत असताना, पडवीत किशोर भाडेकरूंचं गाऱ्हाणं सांगत होता. त्याच्या इमारतीत कंपन्यांतली पोरं राहतात. त्यांच्यापैकी एकाने व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याला चक्क पायमोजा घातला होता.

"वर मलाच म्हणतो, अंकल, हमारी प्रायव्हसी है," किशोर म्हणाला. "अरे, ज्याच्या मनात काळंबेरं न्हाई त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला?"

"कॅमेऱ्याचं सोडा," प्राजक्ता म्हणाली. "माझा फोन कान देऊन ऐकतो. मी नुसतं म्हटलं, मिक्सर घरघर करतोय. संध्याकाळपासून मिक्सरच्या जाहिराती!"

"मम्मी, तू मिक्सर शोधला होतास. मी बघितलं," सृष्टी म्हणाली.

"बघितलंस? म्हणजे तू पण माझा फोन बघतेस?"

सारजाबाई खाटेवर मिसरी लावत बसल्या होत्या. त्यांना या गप्पा फार आवडायच्या. "तो फोन माझंबी ऐकतो का गं? मी कवाधरनं म्हणतीया, मला गुडघ्याचा पट्टा पायजे. त्याला सांग की!"

तेवढ्यात अनिमेष अंगणात आला. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. आल्या आल्या त्याने शेखरला मिठीच मारली.

"काका, सापडला!"

"कोण सापडला?" शेखर दचकला.

"बेडूक! तुमच्या करंजावरच्या डब्यात! मी मधे येऊन कार्ड बदलून नेलं होतं ना, त्यात एक आवाज आहे, आजवर कुणीच नोंदवलेला नाही. अजून पुष्कळ तपासण्या बाकी आहेत, पण नवी जात असू शकते. आज पेपरातही आलंय, हे बघा, आतल्या पानावर. 'मुळशी तालुक्यातील एका शेतात' म्हणजे तुमच्या!"

मग काय विचारता! किशोरने वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि बातमीचा फोटो काढून तालुक्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर टाकायची तयारी केली. शेखर तर असा फुलला की बेडूक त्यानेच लहानाचा मोठा केलाय. सारजाबाईंनी अनिमेषच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. साधनालाही हसू आवरेना. आपल्या बांधावरचा बेडूक पेपरात, आणि आपण अजून एकदाही नाही!

"आवाज कसा हाय त्याचा?" तिने विचारलं.

"अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा. कट्, कट्. फार बारीक. पण आमचा डबा एक नंबर आहे. पानावरून थेंब पडला तरी टिपतो."

"रात्रीचं?" सृष्टीने सहज विचारलं.

"रात्रंदिवस! आवणीपासून आजपर्यंत, एक क्षण सोडलेला नाही. आता जाऊन काढूनच आणला." त्याने पाठीवरच्या पिशवीवर थोपटलं. इतक्यात त्याच्या खिशातला फोन एकदा वाजून बंद पडला. "सरांचा असणार. इथे रेंज नाही ना? मी वर रस्त्यावर जाऊन बोलून येतो. मग सगळ्यांना ऐकवतो!"

पोरगा उड्या मारत गेला. इकडे पडवीत किशोरचा अंगठा फोनवर तसाच अधांतरी राहिला. प्राजक्ताने पेढा तोंडात घातला होता, तो तिला गिळता येईना.

सृष्टी हळूच म्हणाली, "रात्रंदिवस. म्हणजे करंजाखाली जे जे..."

"गप गं!" साधना, शेखर, किशोर, प्राजक्ता, चौघेही एकदम ओरडले. आणि कोण कोण ओरडलं, ते चौघांनीही बघितलं.

"काय झालं?" सारजाबाईंनी विचारलं.

साधना स्वयंपाकघरात आली आणि चुलीपुढे मटकन बसली. अख्खा पावसाळा ती दिवेलागणीच्या आधी करंजाखाली जात होती. म्हसोबा, मला जांब्याला जायचं न्हाई. हितं माझा आंबेमोहोर हाय, माझ्या म्हशी हायेत, माझं सगळं हितं हाय. हे एक वेळ कुणी ऐकलं तरी निभावून नेता आलं असतं. पण प्राजक्ताला ती काय काय बोलली होती! 'माझ्या रश्शात पाणी घालती, आन वर मलाच शिकवती.' त्याच्याही पुढचं होतं ते खरं वाईट. एकदा, भर श्रावणात, चिडून, घसा फोडून ती म्हणाली होती, 'आत्याबाईंच्या पायात माझा जल्म अडकलाय.' सारजाबाईंनी तिला लेकीसारखं वागवलं होतं. तिच्या आजारपणात रात्र रात्र जागल्या होत्या. आणि आता हे वाक्य तिच्याच आवाजात, खणखणीत, पडवीत सगळ्यांच्या देखत वाजणार. म्हातारी ते ऐकून काही बोलणार नाही. नुसती मान खाली घालेल. साधनाला ते नुसतं मनात आणून रडू फुटायला लागलं.

प्राजक्ता मागोमाग आत आली. तिने उगाच पातेल्यावरचं झाकण काढलं, परत ठेवलं. "ताई, एक विचारू? तुम्ही... तिकडं जाता का हो कधी?"

चार पिढ्यांचा नियम असा चुलीपुढे मोडला.

"न्हाई बाई," साधना म्हणाली. "तू?"

"छे! मी कशाला? वर्षातनं चारदा तर येते इथं."

तव्यावरची भाकरी करपली, तरी दोघींपैकी कुणालाही वास आला नाही.

खिडकीच्या मागे गोठ्याच्या भिंतीआड किशोरने शेखरला गाठलं होतं. त्याला वाटत होतं आपण कुजबुजतोय. "दादा, अख्ख्या शिवारात तुला दुसरं झाड सापडलं न्हाई?"

"तू कशापायी घाबरतुयास? मगाशी तूच म्हनलास, काळंबेरं न्हाई त्याला..."

"ते कॅमेऱ्याचं होतं! हे वेगळं हाय!"

"ह्ये कसं वेगळं?"

"कॅमेरा दुसऱ्यांसाठी असतो, दादा!" किशोर कळवळून म्हणाला. सृष्टी गोठ्याच्या दाराशी उभी होती, ती म्हणाली, "पप्पा, माझ्याकडे पायमोजा आहे. देऊ का?"

अनिमेष परत आला तेव्हा पानं मांडली होती. आजवर या पोराला या घराने माया लावली होती. आज त्याच्या पानाभोवती सगळ्यांची जी झुंबड उडाली, ती एखाद्या नव्या जावयाच्या नशिबीही येत नाही. प्राजक्ताने तंगडी उचलून त्याच्याच पानात टाकली आणि वाकून काहीतरी पुटपुटली. किशोर त्याला खेटून बसला. जांब्याला खोली लागली तर सांग, भाड्याचं बघू, असं म्हणत त्याने तोंड त्याच्या कानाशी नेलं. शेखरने पाणी द्यायच्या निमित्ताने त्याला ओसरीच्या टोकाला नेऊन आणलं. साधना रस्सा वाढायला आली, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. पण दुसरा इलाज काय होता?

"बाळा," ती हळूच म्हणाली, "त्यातलं थोडंसं पुसता येतं का रं? श्रावणातलं. एवढंसंच."

अनिमेषने हातातला घास खाली ठेवला. साधा पोरगा. त्याला घराची रीत काय ठाऊक?

"मला एक कळत नाहीये," तो भर पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आज प्रत्येक जण मला काहीतरी पुसायला का सांगतोय? काकूंना श्रावणातलं नको. ह्या काकूंना गणपतीच्या सुट्टीतलं नको. किशोरकाकांना ते केसांचं नको..."

"केसांचं?" सृष्टी किंचाळली. "पप्पा! तुम्ही म्हसोबाकडे केस मागितलेत?"

किशोरचा हात आपसूक डोक्यावरच्या टोपीकडे गेला. सारजाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. साधनाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ती स्वतःही हसत होती.

"अहो, पण तुम्ही काय समजलात?" आता कुठे अनिमेषच्या डोक्यात प्रकाश पडला. "तुमचं बोलणं आम्ही ऐकतो? काका, मी पहिल्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, तुमची सही पण घेतली होती! डब्यातलं काहीही माणसाच्या कानावर जायच्या आधी कॉम्प्युटर ते चाळतो. माणसाचा शब्द आला की तेवढा तुकडा पुसून टाकतो, कायमचा. नियमच आहे तसा. दुसऱ्याच्या अंगणात डबा लावायचा तर तेवढं पाळायलाच हवं. आमच्यापर्यंत फक्त बेडूक पोचतात."

"सांगितलं व्हतं," शेखर ओशाळून म्हणाला. "मी आईकलं न्हाई. ढग आलं व्हतं, रोपं काढायची घाई व्हती."

"म्हणजे कुणीच ऐकलं नाही?" प्राजक्ताने विचारलं.

"कुणीच नाही."

पंगतीने एवढा मोठा सुस्कारा सोडला की दारातली मांजर उठून गेली. किशोरने टोपी काढून घाम पुसला आणि सगळ्यांच्या देखत परत घातली. प्राजक्ताने दुसरी तंगडी सरळ स्वतःच्या पानात वाढून घेतली. साधनाने डोळे मिटून म्हसोबाला हात जोडले. सुटले रे बाबा!

आणि हात खाली घेता घेता तिला कसंसंच झालं. पावसाळाभर घसा फोडून बोलले, ते सगळं पुसलं गेलं. बहिऱ्या देवाने ऐकलं की नाही कुणास ठाऊक, यंत्राने टाकून दिलं, आणि घरातल्या माणसांना तर ती कधी बोललीच नव्हती. आता जेवणं होतील, आणि मग किशोर कुलपाचं काढेल.

"एक आवाज मात्र राहिलाय," अनिमेष म्हणाला. त्याने जेवता जेवता डाव्या हाताने लॅपटॉप उघडला होता. "त्याच्यावरून आमच्यात वाद चाललेत. यंत्राला कळेना माणूस आहे की प्राणी. शब्द नाहीत ना. रोज संध्याकाळी, साधारण एकाच वेळेला येतो. सरांना वाटतं ही दुसरी नवी जात असेल. आम्ही त्याला 'अनोळखी दोन' म्हणतो. तुम्ही ओळखता का बघा."

त्याने कळ दाबली. आधी पाऊस ऐकू आला. मग, थोड्या अंतरावरून, जड आणि ओला:

'ह्हं-खर्र. ह्हं.'

सगळ्यांच्या माना शेखरकडे वळल्या. शेखरला काय करावं सुचेना, म्हणून त्याने घसा साफ केला.

ह्हं-खर्र. ह्हं.

"काका!" अनिमेषने कपाळाला हात लावला. "आमच्या सरांनी तुमच्यावर अर्धा निबंध लिहिलाय!"

मग जे हसू उसळलं ते काही केल्या थांबेना. किशोरने पानाशेजारी हात आपटले. सृष्टीच्या डोळ्यांतून पाणी आलं. सारजाबाई म्हणत होत्या, "माझ्या पोटी बेडूक आला गं बाई!" एकटी साधना हसत नव्हती. रस्स्याचं भांडं हातात तसंच घेऊन ती शेखरकडे बघत होती.

"रोज सांजंचं?" ती म्हणाली.

शेखरने मान खाली घातली.

"मी जायची तवाच. व्हय ना?"

"व्हय."

"तुमी तितं काय करत व्हता?"

"बांधावर उभा ऱ्हायचो," शेखर म्हणाला. एवढ्या माणसांत बायकोशी असं बोलायची त्याला सवय नव्हती, त्याचे कान लाल झाले. "ओढ्याच्या वाटंनं लोक येत्यात दिवस मावळताना. कुनी तुझं आईकू नये म्हनून. कुनी दिसला की खाकरायचो."

"आन तुमी? तुमी आईकलं?"

"शब्द न्हाई आईकलं. आवाज आईकला. लई चढलेला असायचा." त्याने पानातला भात उगाच कालवला. "रोज जातीस, म्हंजी कायतरी हाय, येवढं कळत व्हतं."

"मग इचारलं का न्हाई?"

"इचारायचं नसतं ना. आपल्यात तसं हाय."

साधनाला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्याबद्दल पोटातून इतकी माया दाटून आली की तिला भांडं खाली ठेवावं लागलं. अख्खा पावसाळा हा माणूस चिखलात उभा राहिला. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून उभा राहिला, आणि स्वतःही ऐकलं नाही!

"मग आता आईका," ती म्हणाली. म्हसोबापुढे ज्या आवाजात बोलायची तोच आवाज तिने लावला. दुसरा तिला सापडेना. "मला जांब्याला जायचं न्हाई. मला हितंच ऱ्हायचंय. शेत मला करायचंय, म्हशी मला सांभाळायच्यात. 'सगळे म्हणतील तसं' म्हनले ते खोटं व्हतं. आत्याबाईंचं करायला मी कदी मागं सरले न्हाई, पर त्यांच्या नावानं मला त्या इमारतीत कोंडू नका. आन भावजी, तुमी चांगल्यासाठीच करताय, मला कळतं. तरीबी न्हाई."

बोलून झाल्यावर ती सारजाबाईंच्या खाटेपाशी बसली. "आत्याबाई, एकदा रागात म्या तुमालाबी बोलले. काय ते सांगत न्हाई."

"नगं सांगू," सारजाबाई म्हणाल्या. त्या अजून डोळे पुसत होत्या, ते हसण्याचं पाणी की दुसरं कसलं ते कळत नव्हतं. "मी तुला काय काय बोललेय, ते मीबी सांगत न्हाई. मघापासनं मला त्याच पोराला इचारायचं व्हतं, की माझं पुसलं तर आता कसं करू? मी गुडघं धरून धरून तितं गेले, म्हसोबाला म्हनले, मला जांब्याला जाऊ दे!"

"तेच तर, आई!" किशोर आनंदाने म्हणाला.

"एकलीला!" सारजाबाईंनी त्याला तिथेच थांबवलं. "ही साधना मला सकाळ-सांज तेल चोळती, मीठ कमी घालती, मिसरीचा डबा लपवती. मी काय कुक्कुलं बाळ हाय? मला त्या लिफ्टमधनं वर-खाली करायचंय. ग्यालरीत बसून येणारी-जाणारी पोरं बघायचीत. हितं दिवसभर म्हस बघायची आन मला म्हशीनं बघायचं. पर कसं सांगू? इतकी वर्सं पोरीनं केलं माझं. तिचं मन मोडंल, म्हनून गप ऱ्हायले."

साधना त्यांच्याकडे बघतच राहिली. "अवं, मग आदी सांगायचं की!"

"तू सांगितलंस?"

साधनाने सासूच्या मांडीवर डोकं टेकलं आणि दोघी हसायला लागल्या.

"बोलायचंच चाललंय तर माझं पण घ्या," प्राजक्ता म्हणाली. तिने पदराने हात पुसले, म्हणजे आता ती मोकळेपणाने भांडणार हे सगळ्यांना कळलं. "आत्याबाई खुशाल येऊ देत, माझी कधीच ना नव्हती. पण ताई कायमच्या आल्या की माझं स्वयंपाकघर गेलं! ताई, तुमचा रस्सा फार तिखट असतो हो. आमच्याकडं कुणाला सोसत नाही. म्हणून मी पाणी घालते."

"घालतीस ना?" साधना उसळून म्हणाली. "मला वाटलंच! मी म्हसोबाला म्हनले पन!"

"आणि मी म्हणाले की ताईंच्या हातातलं तिखट जरा कमी कर!"

"एकाच झाडाखाली!" सृष्टी म्हणाली. "बिचारा म्हसोबा. ऐकणार तरी कुणाचं?"

किशोरने सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. त्याने एवढी मेहनतीने जोडलेली साखळी डोळ्यांदेखत सुटी झाली होती. आई येणार, ती वहिनीशिवाय. वहिनी राहणार, म्हणजे दादाही राहणार. "मग कुलपाचं काय?" त्याने शेवटचं विचारून बघितलं.

"मी नवंकोरं आणलं होतं," किशोरच पुन्हा जरा दुखावल्यासारखा म्हणाला.

"त्ये तुझ्या कॅमेऱ्याला लाव," सारजाबाई म्हणाल्या. "आन त्या पोराच्या मोज्याचं नाव काढू नगंस. त्याला करंज न्हाई, म्हनून मोजा घालतो बिचारा."

थोड्या वेळाने किशोरने अनिमेषला हळूच विचारलं, तसला पुसण्याचा नियम कॅमेऱ्याला पण लावता येतो का, आणि दोघं लॅपटॉपवर डोकं घालून बसले. सृष्टीने करंजाखाली काय मागितलं होतं, ते कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. काही गोष्टी रीतीप्रमाणे राहिलेल्या बऱ्या असतात.

दिवस कलताना गाडी जांब्याला निघाली. सारजाबाई दिवाळीनंतर जाणार होत्या, पण आजच दोन लुगडी पिशवीत भरून त्यांनी ती प्राजक्ताच्या हवाली केली, न जाणो कुणाचं मन फिरायचं. भात कापायला उद्या पहाटे सुरुवात करायची ठरली. अनिमेष जाताना 'अनोळखी दोन'च्या पाया पडला.

साधना एका पानावर घासभर भात आणि रस्सा घेऊन करंजाकडे गेली. पिकलेल्या भाताचा वास सुटला होता. खोडावर पट्ट्याची फिकी खूण राहिली होती, बाकी झाड होतं तसंच होतं. तिने पान धोंड्यापुढे ठेवलं, पदर सावरला आणि बोलायला तोंड उघडलं. तर बोलायला काहीच नाही! तिने आठवून बघितलं. मग ती मोठ्याने, कारण देवाचे कान काही बरे झाले नव्हते, एवढंच म्हणाली, "आज काय न्हाई. सहज आले."

मागे बांधावर कुणीतरी खाकरलं. ह्हं-खर्र. ह्हं.

"अवं, खाकरत काय बसलाय?" साधनाने मान न वळवता हाक मारली. "या हिकडं."